थोरलीचं नाव

गेल्या वर्षीच्या अविधवा नवमीला दत्तोबा ठुब्यांच्या घरी पहिल्यांदा दोन पानं वाढली गेली. त्याआधी, म्हणजे पिंपळे गुरवला बिऱ्हाड केल्यापासून चाळीस वर्षं, एकच पान असायचं. नवरा हयात असताना गेलेल्या घरातल्या बाईच्या नावानं भाद्रपदातल्या वद्य नवमीला एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची, एवढाच विधी. दत्तोबांची बायको जयमाला माघात गेली, आणि एकाची दोन पानं झाली.

सून विजयश्रीनं शेजारच्या दोघींना पाटावर बसवलं आणि पाणी फिरवण्याआधी रीतीप्रमाणं विचारलं, "आबा, हे पान कुणाच्या नावानं?"

"जयमाला."

"आणि हे?"

"थोरली."

दुसऱ्या पाटावरची बाई लातूरकडची होती, इमारतीत नवी. तिनं भाबडेपणानं विचारलं, "थोरली म्हंजे? नाव काय होतं त्यांचं?"

दत्तोबा समईची वात सारू लागले. विजयश्रीनं भाताची वाटी पुढं केली, विषय बदलला, जेवणं झाली. बायका ओटी घेऊन गेल्यावर तिनं पाहिलं तर आबांच्या ताटातली पुरी तशीच होती.

"थोरली म्हणजे माझी आई," ते म्हणाले. "मी अकरा महिन्यांचा असताना गेली. तिचं नाव मला माहीत नाही, विजू."

विजयश्रीला लग्न होऊन या घरात सोळा वर्षं झाली होती. तिनं पाहिलेल्या, नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या इंदूबाई या आबांच्या सावत्र आई, एवढं तिला उडत उडत ठाऊक होतं. पण सावत्र हा शब्द त्या घरात कुणी काढत नसे. इंदूबाईंनी दत्तोबांना पोटच्यासारखं वाढवलं. नवरा पाच वर्षांच्या पोराला मागं ठेवून गेला, तरी त्यांनी दुसरं घर केलं नाही. त्यांच्या गळ्यात काळ्या पोतीबरोबर चांदीचा एक छोटा टाक असायचा, बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर उमटवलेली बाईची आकृती. पोत गेली तरी टाक राहिला. लहानपणी दत्तोबा त्यांच्या मांडीवर पडून तो टाक तोंडात धरायचे. त्या टाकावरची बाई आपली खरी आई आहे, पहिल्या बायकोचा टाक दुसरीनं गळ्यात बांधायची रीत असते, हे त्यांना दहाव्या वर्षी गावातल्या एका पोरानं भांडताना सांगितलं.

"मग आजींना विचारलं नाहीत कधी?"

"काय म्हणून विचारू? तू माझी आई नाहीस, खरीचं नाव सांग, असं?" दत्तोबा म्हणाले. "त्या थोरली म्हणायच्या. सवतीचं नाव घेत नसत. मीही थोरलीच म्हणत आलो. आता तुझी सासू गेली तर तिच्या पानावर नाव आहे. शेजारच्या पानावर नाही. पुढच्या नवमीला मला ते नाव घ्यायचंय."

ते एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी मोजूनमापून बोललेलं असं दुसरं मागणं विजयश्रीला आठवत नव्हतं.

विजयश्री चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात होती. गाडीच्या ब्रेकचा एखादा सुटा भाग सदोष निघाला, की तो कुठल्या लॉटमधला, कुठल्या मशीनवरचा, कुठल्या शिफ्टचा, हे कागदावरून मागं मागं शोधत जायचं, हे तिचं रोजचं काम. गुरुवारी पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी आणि सरकारी कचेऱ्या मात्र उघड्या, ही सोय तिनं वापरायची ठरवली. नवरा ज्ञानेश म्हणाला, "सत्तर वर्षांपूर्वीची बाई कागदात कशी सापडेल?" ती म्हणाली, "भाग सापडतो, तर बाई का नाही?"

पहिला गुरुवार पारनेरला गेला. आबांचं गाव, खडकमाळ, पारनेर तालुक्यातलं. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद करायचा. त्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. तिनं आणि आबांनी अर्ज केला, दोन महिने थांबले, पुन्हा गेले. आबांच्या जन्माची नोंद तिथं नव्हतीच. मृत्यूची मात्र मिळाली. ऑक्टोबर एकोणीसशे चोपन्न. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: रंगराव ठुबे याची बायको. वय एकोणीस. कारण, ताप.

दत्तोबांनी ती नक्कल दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. येताना शिरूरला त्यांनी ती पुन्हा काढून पाहिली. मग म्हणाले, "एकोणीस. तुझी करिष्मा आता पंधराची आहे."

त्यानंतर चार महिने शोध थांबला. आबा स्वतःच म्हणाले, राहू दे. जूनच्या एक तारखेला वाढदिवस आला. त्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेल्यांचा एक कट्टा काशीद पार्कच्या बाजूला रोज बसतो. त्या अकरा जणांतल्या सात जणांचा वाढदिवस एक जूनला असतो. गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट तीच तारीख टाकली होती, आणि सगळे एकाच एकतीस मेला निवृत्त झाले होते. कट्ट्यावर एकच केक येतो आणि सातही जण सुरीला हात लावतात.

"सात जणांची एकच आई असणार," कुणीतरी दरवर्षी म्हणतं. त्या वर्षी आबा हसले नाहीत.

घरी आल्यावर करिष्मानं शाळेच्या सुट्टीतल्या कामासाठी आजोबांचा दाखला मागितला. घरातल्या सर्वांत जुन्या कागदाबद्दल लिहायचं होतं. प्लॅस्टिक चढवलेला शाळा सोडल्याचा दाखला कपाटातून निघाला. कंपनीत, रेशनला, पेन्शनला, सगळीकडं पन्नास वर्षं फिरलेला. करिष्मा मोठ्यानं वाचत होती. "जन्मतारीख एक जून एकोणीसशे त्रेपन्न. जन्मस्थळ आंबेदरा, तालुका खेड."

विजयश्री कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "काय जन्मस्थळ?"

"आंबेदरा."

"आबा, हे आंबेदरा कुठलं?"

"कुठलं नाही ते," दत्तोबा म्हणाले. "गुरुजींनी तारीख मनानं टाकली, तसं गावही टाकलं असेल. मी खडकमाळचा. तो दाखला पहिल्यापासून खोटाच आहे."

"अहो आबा, एक माप चुकलं म्हणून आम्ही सगळा रिपोर्ट फेकत नाही!" विजयश्रीचा आवाज चढला. "तारीख कुणालाच माहीत नसायची, म्हणून टाकायचे. पण गाव कशाला मनानं टाकतील? मनानं टाकायचं तर खडकमाळच टाकलं असतं, सोपं. आणि पहिलं बाळंतपण कुठं होतं? माहेरी. म्हणून तर पारनेरला जन्म सापडला नाही. आपण सासरच्या गावात शोधत बसलो!"

दत्तोबांनी दाखला हातात घेतला. पन्नास वर्षं ज्यानं पाहिला त्यानं तारीखच पाहिली होती. त्यांनीसुद्धा.

"शाळेत कुणी घातलं तुम्हाला?" विजयश्रीनं विचारलं.

"आईनं. बाप आदल्या वर्षी गेला होता." आई म्हणजे इंदूबाई. ते थांबले. मग हळू म्हणाले, "म्हणजे तिनं सांगितलं गुरुजींना. तिला माहीत होतं."

त्यांनी त्या गावाच्या नावावर बोट ठेवलं. इंदूबाईंनी थोरलीचं गाव एकदाच सांगितलं होतं, जिथं ते पुसलं जाणार नाही अशा जागी, आणि पोराला कधी वाचायची बुद्धी झाली नव्हती.

आंबेदरा निघालं चाकणच्या पुढं, विजयश्रीच्या कंपनीपासून सात किलोमीटरवर. तिची बस रोज त्या फाट्यावरून जायची. दत्तोबांनी स्वतः चौतीस वर्षं ज्या पट्ट्यात नोकरी केली, त्याच पट्ट्याच्या एका टोकाला.

खेडच्या तहसील कचेरीत बुद्धरत्न नावाचे कारकून होते, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. कोतवालाची वही त्यांनी स्वतः टेबलावर आणली, धूळ रुमालानं पुसली आणि पानं अशी उलटली, की जुना कागद कोपऱ्यात तुटू नये.

"बावीस नोव्हेंबर त्रेपन्न," त्यांनी वाचलं. "मुलगा. बाप रंगराव ठुबे, राहणार खडकमाळ. खबर देणार गेनबा येळवंडे, मुलीचा बाप. घ्या काका, तुम्ही सहा महिन्यांनी तरुण झालात."

"आणि आईचं नाव?"

"या वहीत आईचा रकानाच नाही." बुद्धरत्नांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाईचं नाव जन्ममृत्यूत शोधू नका. जमिनीत शोधा. बाप वारला, की वारस म्हणून लेकींची नावं लागतात. गेनबा येळवंडे कधी वारले ते बघू."

गेनबा सत्तावन्न साली वारले होते. वारसाच्या फेरफाराची नक्कल तिसऱ्या गुरुवारी हातात आली. बुद्धरत्नांनीच वाचून दाखवली. मुलगा एक. मुली दोन, त्यांची नावं आणि सासरची गावं. आणि शेवटची ओळ: मयत मुलगी हिचा मुलगा दत्तोबा रंगराव ठुबे, वय चार, अज्ञान, पालनकर्ता बाप.

"इथंही नाही," विजयश्री म्हणाली. तिला रडूच यायचं बाकी होतं. "दोघी जिवंत बहिणींची आहेत, आणि हिचं नुसतं मयत मुलगी."

दत्तोबा मात्र त्या ओळीकडंच पाहत होते. ते आईला शोधायला आले होते, आणि कागदात चार वर्षांचे ते स्वतःच उभे होते. जिथं कधी गेल्याचं आठवत नाही अशा गावात, जिथल्या कुणाचं तोंड आठवत नाही अशा घरात, कुणीतरी तलाठ्याला सांगितलं होतं: आमच्या मेलेल्या लेकीला एक पोर आहे, त्याचं नाव लिहा.

"नाव अजून आहे का उताऱ्यावर?" त्यांनी विचारलं.

बुद्धरत्नांनी संगणकावर पाहिलं. बरीचशी जमीन कारखान्यांना गेली होती. घराखालचे आणि भोवतीचे थोडे गुंठे उरले होते. "आहे. इतर हक्कात. अडुसष्ट वर्षं कुणी कमी केलं नाही." मग ते थोडं पुढं वाकले. "काका, एक सांगू? गावात जाल तर हा कागद आधी काढू नका. चाकणच्या बाजूला जुना फेरफार घेऊन आलेल्या माणसाला लोक पाणीसुद्धा विचारत नाहीत."

नवमीला चार दिवस उरले होते. विजयश्रीनं रजा टाकली.

येळवंड्यांचं घर दुमजली, सिमेंटचं, मागं एका कंपनीची निळी भिंत. ओट्यावर पासष्टीचा एक माणूस लसूण सोलत बसला होता. दत्तोबांनी नाव सांगितलं मात्र, त्याच्या हातातली पाकळी परातीत पडली.

"ठुबे," तो म्हणाला. "दत्तोबा रंगराव."

"होय."

"आलात म्हणायचं शेवटी. वकील कुठाय? का ह्याच वकीलबाई?"

"मी सून आहे यांची," विजयश्री म्हणाली.

"असू दे, असू दे. सुनाच हुश्शार असत्यात आजकाल." तो उठला नाही. "मी मालोजी. तुमच्या मामाचा पोरगा. उतारा काढायला गेलो, की तुमचं नाव बाहेर येतं. तलाठी म्हणतो, हा माणूस आणा न्हाईतर नाव कमी करा. आता कारखाने आले, रस्ता रुंद झाला, तवा तुमाला मामाचं गाव आठवलं व्हय?"

"मला माझ्या आईचं नाव पाहिजे," दत्तोबा म्हणाले.

"काय?"

"आईचं नाव. मला माहीत नाही. कागदात सापडलं नाही. तेवढं सांगा, मी जातो."

मालोजी त्यांच्याकडं बघत राहिला, आणि हसला. "पावणं, माझं निम्मं आयुष्य ह्या चाकणात गेलं. आईचं नाव इचारायला फेरफार घेऊन आलेला माणूस मी अजून बघितला न्हाई."

"मग आज बघा," विजयश्री म्हणाली.

"विजू." दत्तोबांनी तिला हातानं थांबवलं. "मालोजीराव, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो. हक्कसोड करून देतो, आजच चला. मला त्या गुंठ्यांतलं काही नको. नवमीला तिचं पान वाढायचं असतं. नाव नसताना वाढतोय इतकी वर्षं."

मालोजीचं हसू हळूहळू उतरलं. तो काही बोलणार, तेवढ्यात आतून बारीक आवाज आला.

"कोन आलंय रं?"

"कुणी न्हाई, आई. खडकमाळचे हायेत कुणी ठुबे."

आत काठी आपटल्याचा आवाज झाला. मग त्याच बारीक आवाजात, जणू आठवड्यापूर्वी येऊन गेलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं:

"हौसाचा दत्तू का?"

विजयश्रीनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते ओट्याच्या कडेला टेकले होते. त्यांचे ओठ हलत होते. ते तो शब्द तोंडात घोळवून पाहत होते.

गवराबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. ब्याऐंशीच्या, डोळ्यांनी अधू. दत्तोबांच्या समोर बसून त्यांनी त्यांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. "म्हातारा झालास की. मामंजींच्या दहाव्याला आला व्हतास इंदूसंगं. चार वर्साचा. मी नवी नवरी, आन् तू माझ्या मांडीवर झोपलास. मुतलास बी."

मालोजीला हसू आवरेना. "घ्या. पुरावा."

"इंदूसंगं?" दत्तोबा म्हणाले. "आई इथं यायची?"

"तर! हे तिचं म्हायेरच व्हतं. हौसा गेल्यावर तुझ्या बापानं इंदू केली, तवा मामंजी स्वता खडकमाळला गेले. चाकणच्या सोनाराकडून टाक करून नेला. तिच्या गळ्यात आपल्या हातानं बांधला, आन् म्हनले, ही आता आमची लेक. मी काय तवा नव्हते, सासूबाई सांगायच्या. मग मामंजी गेले, तुझा बाप गेला. एकटी बाई, नदीपलीकडनं कशी येनार? तुटलं."

दत्तोबांनी शर्टाच्या खिशातून कुंकवाची जुनी डबी काढली. टाक त्यात होता. इंदूबाई गेल्यापासून तो देव्हाऱ्यात असायचा. आज का घेतला, हे त्यांना सकाळी सांगता आलं नसतं. गवराबाईंनी तो बोटांनी चाचपला. खालची कड एका बाजूला चेपलेली होती.

"ह्यो चेपला कशानं?"

"माझ्या दातानं," दत्तोबा म्हणाले.

गवराबाईंनी त्या चेपीवरून अंगठा फिरवला. त्यांनी टाक डबीत ठेवला, झाकण लावलं आणि डबी त्यांच्या हातात देऊन वर आपला हात ठेवला.

चहा आला. नंतर, कप ठेवताना, दत्तोबा मालोजीला म्हणाले, "तर चला. सहीचं उरकून घेऊ."

मालोजी चुळबुळला. गुंठ्यांचा तिढा खरा होता, आणि समोरचा माणूस खोटा नव्हता. "बगू की. घाई काय हाय..."

"कसली सही?" गवराबाईंनी विचारलं. मालोजीनं सांगितलं, तशी त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "न्हाई."

"आई, ते आपनहून देत्यात."

"देऊ दे. तू घ्यायची न्हाई. तुझा बाप जाताना सांगून गेलाय मला." त्या दत्तोबांकडं वळल्या. "कागदात हौसाचं नाव न्हाई म्हनतोस. तुझं हाय न्हवं? ती ह्या गावची लेक व्हती ह्याला तेवढीच खून हाय. ते काढलं, तर हितं जलमली व्हती कोन म्हनंल?"

मग मालोजीनं रिकामे कप गोळा केले. "बघा वैनी," तो विजयश्रीला म्हणाला, "तुमी फुकट खेडला हेलपाटे घातले. तहसीलदार तर आमच्या घरातच बसलाय." आणि दत्तोबांकडं न बघता म्हणाला, "राहू दे नाव. तलाठ्याला सांगतो, माणूस सापडला. फक्त बोलवल्यावर येत जावा, दादा."

दादा हा शब्द त्यानं पहिल्यांदा वापरला, आणि लगबगीनं आत गेला.

ते निघाले तेव्हा गवराबाईंनी विचारलं, सवाष्ण कोण बसवता हौसाच्या पानावर? शेजारची, विजयश्रीनं सांगितलं. गवराबाईंनी मान हलवली आणि आत हाक मारली. "सुप्रियाऽ! नवमीला तुला पिंपळे गुरवला जायचंय. रजा टाक." सुप्रिया म्हणजे मालोजीची सून. ती दारात आली, आणि तिच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पाहून विजयश्री म्हणाली, "तू बी-गेटला असतेस ना? आपण एकाच बसला असतो, गं."

नवमीला दोन पानं मांडली. एका पाटावर लातूरची शेजारीण, दुसऱ्यावर सुप्रिया. तिनं आंबेदऱ्याहून चोळीचा खण आणला होता, माहेरचा म्हणून, आणि गवराबाईंनी बांधून दिलेली भाजणी. देव्हाऱ्यातला टाक त्या दिवशी दोन्ही पानांच्या मधोमध, ताम्हनात ठेवला होता.

विजयश्रीनं पाण्याचं भांडं हातात घेतलं. उत्तर तिला ठाऊक होतं, तरी तिनं विचारलं.

"हे पान कुणाच्या नावानं, आबा?"

"जयमाला."

"आणि हे?"

दत्तोबा पाटापासून दोन हातांवर उभे होते, हात जोडून. लातूरच्या बाईनं मान वर केली.

"हौसा," ते म्हणाले. मग त्यांना वाटलं, आवाज पुरेसा मोठा नव्हता. त्यांनी पुन्हा सांगितलं, नीट, गुरुजींना नाव सांगावं तसं. "हौसाबाई. राहणार आंबेदरा."

विजयश्रीनं पानाभोवती पाणी फिरवलं. त्या दिवशी आबांनी दोन पुऱ्या मागून घेतल्या.